एक नोटीस, १९,४०० पत्ते आणि एसएमटीपीचे हेलपाटे

तानपुरा_मिरज | शुक्रवार, रात्री ११:४०

मंडळी, आधी रडगाणं, मग प्रश्न.

मी एका पतसंस्थेत ‘कॉम्प्युटरचं बघतो’. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच आणि सर्व्हर बसला तरी मीच. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस १४ दिवस आधी सभासदांकडे गेलेली पाहिजे. यंदा संचालक मंडळानं ठरवलं, छपाई-टपाल बंद, नोटीस आणि अहवाल ईमेलनं. पत्ते १९,४००. अहवालाची पीडीएफ ३ एमबी. त्यातली निम्मी पानं सत्काराच्या फोटोंची आहेत, पण ते असो.

पायथनची दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ऑफिसातून परदेशातल्या आमच्या भाड्याच्या सर्व्हरला जोडायचं, लॉगिन करायचं, एक मेल द्यायचा, कनेक्शन तोडायचं, पुढचा पत्ता. तिथं पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर आहे, पुढचं वाटप ते करतं. संध्याकाळी सहाला सुरू केलं. एका मेलला जवळजवळ चार सेकंद. रात्री एकच्या पुढं ६,८०० पत्ते झाल्यावर सर्व्हरनं ‘४५२, जागा शिल्लक नाही’ म्हणून हात वर केले आणि स्क्रिप्ट बंद पडली. सकाळी बघतो तर क्यूमध्ये, म्हणजे पाठवायच्या रांगेत, ४,९०० मेल तुंबलेले आणि २५ जीबीची डिस्क गच्च. जवळपास सगळे एकाच मोठ्या मेलसेवेनं ‘आत्ता नको, नंतर या’ म्हणून थोपवलेले.

दुपारपर्यंत थोडी जागा झाली. मी शहाण्यानं स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पहिल्या पत्त्यापासून.

आता काही हजार सभासदांना नोटीस दोनदा गेलीय, बाकीच्यांना एकदाही नाही, आणि खुद्द अध्यक्षांची स्पॅममध्ये पडलीय.

प्रश्न असा: एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायचा प्रोटोकॉल, १९८२ सालचा. वेबच्या एचटीटीपीची दरम्यान तिसरी आवृत्ती येऊन गेली. ठोक मेल पाठवण्यासाठी हा प्रोटोकॉल कुणी सुधारलाच नाही का? की मीच गाढव आहे? दोन्हीला ‘हो’ म्हणालात तरी चालेल.

खटपट्या | शुक्रवार, रात्री ११:५८

पैसे घेऊन मेल पाठवणारी एखादी सेवा घे आणि झोप. ॲमेझॉनच्या एसईएसचा दर हजार मेलला १० सेंट. तुझं सगळं प्रकरण दोन डॉलरच्या आत, अटॅचमेंटचा आकार वेगळा मोजतात तेवढाच. सभेच्या चहाला याहून जास्त लागतील.

अर्धवटराव | शनिवार, सकाळी ७:१५

दोनदा नोटीस मिळालेले सभासद दोनदा जेवणार का? केटररला वेळेवर सांगा.

जुना_पोस्टमास्तर | शनिवार, सकाळी १०:०५

तानपुरा, तुमच्या गोष्टीत तीन निरनिराळे रोग आहेत आणि तिन्हींचं खापर तुम्ही एसएमटीपी लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांच्या डोक्यावर फोडताय. मी व्हीएसएनएलच्या डायल-अपच्या काळापासून मेल सर्व्हर सांभाळलेत, सेंडमेलच्या कॉन्फिगरेशन फाइलनं माझे केस पांढरे केले. म्हणून जरा लांबण लावतो.

पोस्टेल यांचा आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक घातलेले कागद) ऑगस्ट १९८२ चा. त्यात दोन सर्व्हर अक्षरशः गप्पा मारतात. नमस्कार. नमस्कार. अमक्याकडून पत्र आलंय. बरं. तमक्याला द्यायचंय. बरं. मजकूर सांगू? सांग. (मजकूर, आणि शेवटी ओळीवर एकटं टिंब.) मिळाला. येतो मग. ये. यातल्या प्रत्येक ‘बरं’साठी तारेवरून एक हेलपाटा. तुमचा सर्व्हर मिरजेहून २०० मिलिसेकंदांवर आहे असं धरू. जोडणी, नमस्कार, टीएलएस (म्हणजे कुलूपबंद बोलणं) सुरू करू का, टीएलएसची ओळखपरेड, पुन्हा नमस्कार, लॉगिन, पाठवणारा, घेणारा, मजकूर सांगू का, मजकूर, येतो. झाले अकरा हेलपाटे. सव्वादोन सेकंद गेले ते नुसत्या शिष्टाचारात. उरलेला वेळ पीडीएफचा. ३ एमबीची फाइल बेस६४ मध्ये (मेलसाठीच्या अक्षरी रूपात) ४ एमबी होते, २० एमबीपीएस अपलोडवर तिला १.६ सेकंद. बेरीज करून बघा, तुमचे ‘जवळजवळ चार’ येतात.

आता सुधारणा झाल्याच नाहीत हे साफ चूक. १९९३ मध्ये ‘हेलो’च्या जागी ‘एहलो’ आलं. त्याच्या उत्तरात सर्व्हर आपल्याला काय काय येतं याची यादी वाचून दाखवतो. त्या यादीतल्या दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या.

पहिली पाइपलायनिंग. १९९५ ची, आज ती आरएफसी २९२० मध्ये आहे. ‘पाठवणारा, घेणारा, मजकूर सांगू का’ हे तिन्ही एका दमात म्हणून टाकायचं आणि उत्तरं मागून गोळा करायची. तीन हेलपाट्यांचा एक.

दुसरी चंकिंग, आरएफसी ३०३०, सन २०००. यात ‘डेटा’ऐवजी ‘बीडॅट’ हा हुकूम. आधी सांगायचं की इतके बाइट येताहेत, लगेच तेवढे ओतायचे. ‘सांग’ ऐकायला थांबायचं नाही आणि शेवटच्या टिंबाचीही भानगड नाही. त्या टिंबानं डिसेंबर २०२३ मध्ये काय गोंधळ घातला ते आठवत असेल. ओळ नेमकी कुठं संपली याबद्दल दोन सर्व्हरांचं एकमत नसलं, तर एका पत्राच्या पोटात दुसरं बनावट पत्र दडवून आत नेता येत होतं. एसएमटीपी स्मगलिंग म्हणतात ते हेच. बाइट मोजून घेतले की ती चोरवाट उरत नाही.

तिसरी गोष्ट करायला आरएफसी लागत नाही: जोडणी तोडू नका. एक मेल झाला की त्याच जोडणीवर दुसरा. मग मेलमागं दोन हेलपाटे उरतात, ०.४ सेकंद. १९,४०० मेलचा शिष्टाचार दोन तास नऊ मिनिटांत. वीस जोडण्या एका वेळी उघडल्या तर साडेसहा मिनिटांत. पीडीएफचं ओझं मात्र यानं हलकं होत नाही. त्यावर नंतर.

मांडवीकाठ | शनिवार, दुपारी १२:३०

मास्तरांच्या हेलपाट्यांना हात जोडून एक सांगतो. मी पणजीत बसून एका ग्रंथालयाचं वार्तापत्र पाठवतो, तुमच्या मानानं किरकोळ आकडा. पण एसएमटीपीचं डोकं कुठं चालतं तर पाकिटात. पाकिटावरचा पत्ता आणि आतल्या पत्राचा मायना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका मजकुरामागं ‘आरसीपीटी टू’ (मास्तरांचं ‘तमक्याला द्यायचंय’) कितीही वेळा म्हणता येतं. आरएफसी ५३२१ प्रमाणे एका खेपेत किमान १०० घेणारे तरी सर्व्हरनं स्वीकारलेच पाहिजेत.

अहवाल सगळ्यांना एकच ना? मग शंभर-शंभरचे गठ्ठे करा. १९४ खेपा गुणिले ४ एमबी, म्हणजे ७७६ एमबी. तानपुरा करत होते त्या पद्धतीनं ७८ जीबी. आणि पोस्टफिक्स गठ्ठ्यामागं क्यूमध्ये एकच प्रत ठेवतं, त्यामुळे डिस्कही भरली नसती. (पुढं पाठवताना ते आपण होऊन खेपेला ५० घेणारे धरतं, सेटिंग बदलता येतं.)

म्हणजे ठोक वाटपाची सोय १९८२ मध्येच केलेली होती. आपणच एकेक पाकीट घेऊन दारोदार फिरतोय.

अर्धवटराव | शनिवार, दुपारी १२:४१

पहिली ठोक जाहिरातही एसएमटीपीच्या आधीचीच आहे. ३ मे १९७८, डीईसी कंपनीच्या एका विक्रेत्यानं अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, जवळपास ४०० जणांना कॉम्प्युटर बघायला बोलावलं. पत्त्यांची यादी इतकी लांब झाली की उरलेले पत्ते पत्राच्या मजकुरात सांडले. तानपुरा, तुमची डिस्क भरली तेव्हा तुम्ही एका थोर परंपरेत दाखल झालात.

नेवार्कचा_नाना | शनिवार, संध्याकाळी ७:५०

इथे आत्ता सकाळ आहे, कॉफी हातात आहे, म्हणून सगळ्यांशी वाद घालतो. लोकांचे मेल इनबॉक्सपर्यंत पोचवणं हेच माझं पोट भरायचं काम आहे.

मांडवीकाठ, तुमचा शंभराचा गठ्ठा १९९५ मध्ये झकास चालला असता. आज चालत नाही, कारण आज प्रत्येक पत्र वेगळं असावं लागतं. पत्ता बंद असेल तर मेल परत कुणाच्या नावानं आला ते कळावं म्हणून डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या क्यूमेल या मेल सर्व्हरमध्ये व्हर्प आणलं: परतीच्या पत्त्यातच घेणाऱ्याचा पत्ता गुंफायचा. झालं, गठ्ठा फुटला, कारण एका खेपेला परतीचा पत्ता एकच असतो. मग आली एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय, आरएफसी ८०५८, २०१७. तिचा दुवा हेडरमध्ये असतो, दर माणसाला निराळा, आणि तो डीकेआयएमच्या, म्हणजे डोमेनच्या डिजिटल, सहीखाली यावा लागतो. म्हणजे सहीसुद्धा दर पत्राला निराळी. १९,४०० सह्या.

आणि हे ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू दोघांनी नियम कडक केले. जीमेलच्या वैयक्तिक पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल टाकणारं डोमेन म्हणजे ठोक प्रेषक. त्याला एसपीएफ (डोमेनच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ती सूचना) तिन्ही लागतात, आणि जाहिरातवजा मेलना ती एका टिचकीची सोय. हा शिक्का एकदा बसला की पुसला जात नाही. मे २०२५ पासून आउटलुकनंही ५,००० चीच रेघ ओढली आहे.

सगळ्यात नाजूक आकडा तक्रारींचा. ०.३ टक्क्याच्या खाली राहायचं, खरं तर ०.१ च्या. तुमचे १६,००० सभासद जीमेलवर आहेत असं धरा. ४८ जणांनी ‘हे काय दोन-दोनदा’ म्हणून स्पॅमचं बटण दाबलं की ०.३ झाला. तुम्ही तर काही हजारांना निमित्त दिलंत.

क्यू का तुंबली, तर तुमचं डोमेन एरवी दिवसाला किती मेल पाठवतं? चाळीस? रोज दोन पोळ्या नेणारं गिऱ्हाईक एकदम दोनशे पोळ्या मागायला लागलं तर खानावळवाली विचारणारच, घरात काय आहे म्हणून. पलीकडचा सर्व्हर तेच करतो. त्याला वाटतं खातं कुणीतरी हडपलंय. मास्तरांची साडेसहा मिनिटं तुम्ही खरंच गाठली असती तर साडेसहा मिनिटांत दार बंद झालं असतं.

आणि कृपा करून ‘क्षमस्व, चुकून दोनदा गेले’ असा तिसरा मेल पाठवू नका.

तानपुरा_मिरज | शनिवार, रात्री ८:२०

तिसरा मेल लिहून तयार होता. खोडला.

दिवसाला चाळीस नाही, तीसच असतील. एसपीएफ आहे. डीकेआयएम आहे असं मला वाटत होतं, आता बघितलं तर चावी डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदींत) टाकायची राहिलीय. डीमार्कचा पत्ता नाही.

खटपट्या, बाहेरची सेवा मीही सुचवली होती. सभासदांची यादी बाहेर द्यायची नाही असा ठराव आहे. ठराव कुणी मांडला ते विचारू नका.

साळुंकी | शनिवार, रात्री ९:०५

पीडीएफला सगळे शिव्या देताय, कुणी नोटिशीचा मजकूर बघितला का? मराठी आहे ना?

मी मराठी वार्तापत्र काढते, म्हणून हे भोगलंय. देवनागरीचं एक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘कि’ म्हणजे क आणि वेलांटी, ६ बाइट. जुनी मेलव्यवस्था ७ बिटांची, तिच्यातून जायला हे बाइट वेष्टनात घालावे लागतात. ‘कोटेड-प्रिंटेबल’ नावाचं वेष्टन इंग्रजीसाठी बेतलेलं. इंग्रजी अक्षर त्यात जसंच्या तसं राहतं, आपला मात्र एकेक बाइट तीन अक्षरांचा होतो, एक बरोबरचं चिन्ह (=) आणि दोन आकडे-अक्षरं. एका चिन्हाला ९ बाइट! बेस६४ मध्ये तेच ४ होतात. आणि समोरचा सर्व्हर ‘८बिटमाइम’ येतं म्हणत असेल तर वेष्टनच नको, ३ चे ३ च. काही प्रोग्राम काही न विचारता कोटेड-प्रिंटेबल निवडतात, माझा त्यांतलाच. माझा अंक त्यामुळे तिप्पट फुगायचा आणि जीमेल १०२ केबीच्या पुढचं कापून ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा देतं, तर माझा शेवटचा लेख कायम त्या दुव्यापलीकडे. लेखक रुसायचे. (कापाकापी वेष्टन सोडल्यावरच्या आकारावर होते की आधीच्या, यावर माझं एकीशी भांडण झालंय. मी शेवटी मजकूरच आटोपशीर केला.)

विषयाच्या ओळीचं आणखी वेगळं. तिथं एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा. वेष्टनाची शेपटं वजा करून बेस६४ ची ६० उरतात, म्हणजे ४५ बाइट, म्हणजे बरोबर १५ देवनागरी चिन्हं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ दोन-तीन तुकड्यांत जाणार. तुकडे बाइटच्या हिशेबानं बेदरकार पाडले, तर चिन्ह मधोमध चिरतं आणि सभेच्या जागी चौकोन दिसतो. तानपुरा, अध्यक्षांच्या मेलमध्ये विषयात चौकोन आहेत का बघा. स्पॅमच्या गाळण्यांना तसले विषय आवडत नाहीत.

तानपुरा_मिरज | शनिवार, रात्री ९:३०

साळुंकीताई, आहेत. दोन.

जुना_पोस्टमास्तर | रविवार, सकाळी ९:४५

साळुंकी, हे सोन्यासारखं सांगितलंत. मी आयुष्यभर सर्व्हर सांभाळले पण ९ बाइटचा हिशेब कधी मांडला नव्हता. आमच्याकडे तेव्हा मराठी मेल म्हणजे रोमनमध्येच.

नाना, तुमचं म्हणणं ऐकलं. पण तुम्ही म्हणताय त्यातलं निम्मं दुखणं प्रोटोकॉलच्या एका खोडीमुळे आहे, ते सांगतो. शंभर घेणाऱ्यांची नावं सांगितली की प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं, ‘हा आहे, हा नाही’. मजकूर दिल्यावर मात्र सगळ्यांच्या वतीनं एकच उत्तर. नव्वद जणांच्या गाळणीला पत्र चालतं, दहांच्या नाही, तर सर्व्हरनं काय म्हणावं? हो म्हटलं तर दहांचं गुपचूप फेकावं लागतं, नाही म्हटलं तर नव्वदांवर अन्याय. एलएमटीपी या एसएमटीपीच्या भाऊबंद प्रोटोकॉलनं हे १९९६ मध्ये सोडवलं, आरएफसी २०३३. मजकुरानंतर प्रत्येक घेणाऱ्याला स्वतंत्र उत्तर. पण तो एकाच घरातल्या सर्व्हरांसाठी, इंटरनेटवर त्यानं बोलायचं नाही असा दंडक. उघड्या रस्त्यासाठी पीआरडीआर नावाचा तसाच प्रस्ताव आला. एक्झिम या मेल सर्व्हरला तो येतो, पण मसुद्याच्या पुढं गाडी गेली नाही.

बर्नस्टाइन यांनी तर १९९७ मध्ये सगळा संवादच मोडीत काढला होता. क्यूएमटीपी, पोर्ट (म्हणजे सर्व्हरचं दार) २०९. नमस्कार-चमत्कार नाही. मजकूर, पाठवणारा, घेणारे, प्रत्येकाच्या आधी त्याची लांबी, सगळं एकदम ओतायचं, मग एकेका घेणाऱ्याचं वेगळं उत्तर वाचायचं. हेलपाटेही वाचले आणि ती खोडीही गेली. क्यूमेलवाल्यांपलीकडे कुणी वापरलं नाही.

नेवार्कचा_नाना | रविवार, संध्याकाळी ७:१०

मास्तर, वापरलं नाही कारण ज्याला घाई होती तो पाठवणारा, आणि नवा पोर्ट उघडायचा होता घेणाऱ्यानं. घेणाऱ्याला कसली घाई? त्याच्या दारात दिवसभर येणाऱ्यांत बहुतेक नकोसेच. संवाद सावकाश चालतो यातच त्याचा फायदा. २००३ मध्ये ग्रेलिस्टिंग निघालं, ते तर याच धर्तीवर: अनोळखी माणसाला पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवायचं, जो चिकाटीनं परत येईल तो खरा. त्याआधी १९९७ चं हॅशकॅश, दर पत्रामागं कॉम्प्युटरला थोडं गणित करायला लावायचं. म्हणजे तिकिटाऐवजी घाम. त्यात तानपुरासारखा सज्जन ठोक प्रेषकच आधी मेला असता.

पुढची दिशाही उलटीच आहे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये डीकेआयएम२ चं काम चाललंय. त्यात पाकिटावरचे दोन्ही पत्ते सहीत बांधायचे, म्हणजे एकाला मिळालेलं सही केलेलं पत्र उचलून लाखांना पाठवता येणार नाही. आज ती चोरी चालते, रिप्ले म्हणतात तिला. पण तसं झालं की एक पाकीट, एक घेणारा, हे पक्कं. मांडवीकाठांचा गठ्ठा कायमचा बाद.

वाचवायचंच असेल तर पहिल्या टप्प्यात वाचवता येतं, तुमच्या मशीनपासून तुमच्याच सर्व्हरपर्यंत. पॉवरएमटीए नावाचा विकतचा सर्व्हर आहे, त्याला एक साचा आणि नावांचा तक्ता दिला की पत्रं तो तिथं बसून भरतो. ती त्याची स्वतःची एसएमटीपी पुरवणी, प्रमाण नाही. तानपुरांनी फुकटात तेच करावं: स्क्रिप्ट उचलून सर्व्हरवरच ठेवावी. ऑफिसच्या २० एमबीपीएसमधून एकदाच जायचं, पत्त्यांची फाइल घेऊन.

मांडवीकाठ | रविवार, रात्री ८:००

गठ्ठ्याबद्दल माघार घेतो, अर्धी. सभेची नोटीस ही जाहिरात नाही. सभासद त्यातून ‘नाव कमी करा’ म्हणूच शकत नाही, मग एका टिचकीचा नियम इथं कसा लागेल?

नेवार्कचा_नाना | रविवार, रात्री ८:१५

बरोबर, व्यवहाराच्या मेलना ती अट नाही. मात्र नोटिशीच्या तळाशी ‘दामदुप्पट ठेव योजना, आजच भेटा’ अशी पट्टी असेल तर मी पैज लावणार नाही.

तानपुरा_मिरज | रविवार, रात्री ८:२२

पट्टी आहे. दोन रंगांत.

दुसरं विचारायचं होतं. पुन्हा पाठवताना कुणाला तिसऱ्यांदा जाऊ नये म्हणून काय करू? क्यूचा लॉग आहे माझ्याकडे.

जुना_पोस्टमास्तर | रविवार, रात्री १०:३०

डुप्लिकेटचा रोग इतका जुना आहे की त्यावर फेब्रुवारी १९८८ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी स्वतंत्र आरएफसी लिहिला, १०४७. घेणारा सर्व्हर शेवटच्या टिंबानंतर पत्र लगेच वाटायला बसतो, त्यात वेळ जातो, पाठवणारा कंटाळून जोडणी तोडतो आणि पुन्हा पाठवतो. घेणाऱ्याकडे पत्र दोनदा. म्हणून नियम असा की टिंब दिसलं की पत्र डिस्कवर ठेव, ‘मिळाला’ म्हण, वाटप मागून कर. आणि पाठवणाऱ्यानं त्या ‘मिळाला’साठी १० मिनिटं थांबायची तयारी ठेवावी.

तुमचं दुखणं त्याहून सोपं. वही ठेवा. सर्व्हरनं २५० (म्हणजे ‘मिळाला’) म्हटलं की त्या सभासद क्रमांकापुढं लगेच बरोबरची खूण, डिस्कवर, मेमरीत नव्हे. स्क्रिप्ट कितीदा मेली तरी वही वाचून पुढं चालेल. मेसेज-आयडीसुद्धा सभासद क्रमांकावरून बनवा, दर वेळी नवा नको. तोच आयडी दुसऱ्यांदा दिसला तर काही मेलपेट्या एकच प्रत दाखवतात.

आणि उत्तराचा पहिला आकडा बघायला शिका. ४ नं सुरू झालं तर ‘नंतर ये’, ५ नं झालं तर ‘येऊ नको’. ४ वाल्यांना पोस्टफिक्स आपोआप पुन्हा विचारतं, पाच दिवस विचारत राहतं. तेव्हा सभेच्या १४ दिवसांत हे पाच मिळवून पाठवायला सुरुवात करा.

अटॅचमेंटचं म्हणालो होतो. काढा ती. अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवा, मेलमध्ये नोटीस आणि दुवा. बर्नस्टाइन यांनीच एकदा इंटरनेट मेल २००० नावाची कल्पना मांडली होती: पत्र पाठवणाऱ्याच्याच सर्व्हरवर राहू द्यायचं, घेणाऱ्याला फक्त सूचना, त्याला हवं तेव्हा त्यानं यावं आणि न्यावं. साठवणीचा भार ज्याला पाठवायची हौस त्याच्यावर. प्रोटोकॉल म्हणून ती उभी राहिली नाही. पण ‘अहवालासाठी इथं टिचकी मारा’ हे दुसरं काय आहे?

खटपट्या | रविवार, रात्री १०:५०

बँकेच्या नावानं ‘इथं टिचकी मारा’ म्हणणाऱ्या मेलवर टिचकी मारू नका, असं आम्ही आईवडिलांना वर्षभर शिकवलंय, मास्तर.

साळुंकी | रविवार, रात्री ११:१०

खटपट्या बरोबर बोलतोय. दुवा संस्थेच्याच डोमेनचा, पूर्ण दिसणारा ठेवा. लांबी कमी करणाऱ्या सेवांचे दुवे अजिबात नकोत. आणि सभेची तारीख, वेळ, जागा, विषयपत्रिका मेलच्या मजकुरातच लिहा. ज्याला टिचकी मारायची नाही त्याचं काही अडू नये.

तानपुरा_मिरज | दोन आठवड्यांनी, बुधवार, रात्री १०:१५

झालं एकदाचं. ज्यांना एकदा तरी पोचली होती त्यांनाही अहवालाचा दुवा जायचा होता, म्हणून सगळे १९,४०० घेतले, पण विषय ‘सुधारित नोटीस’ असा स्पष्ट. सभेची तारीख २८. डीकेआयएमची चावी टाकली, डीमार्कची नोंद ‘फक्त कळवा’ पातळीवर ठेवली. मजकूर बेस६४ मध्ये, विषयाचे तुकडे चिन्हाच्या सीमेवर. पीडीएफ संकेतस्थळावर. मेल ३८ केबीचा. ठेव योजनेची पट्टी काढण्यावरून अर्धा तास बैठक झाली. ती काढली.

पहिल्या दिवशी ४००, तेही रोज आमचे मेल उघडणारे, म्हणजे कर्मचारी, संचालक, पिग्मी एजंट. मग ८००, १,६००, ३,२००, ६,४००, आणि उरलेले ७,०००. सहा दिवस. शेवटच्या दिवशीच्या ७,००० ना स्क्रिप्टला वीस मिनिटंही लागली नाहीत, क्यू मात्र मीच मुद्दाम चार तासांत पसरून सोडली. ‘नंतर या’ मोजके आले, सगळे दुसऱ्या दिवसापर्यंत गेले.

५ नं सुरू झालेली उत्तरं ६११. त्यांतल्या ३७ पत्त्यांत जीमेलचं स्पेलिंगच चुकलेलं, काउंटरवर घाईत टाइप केलेलं. या ६११ जणांना आमचे शिपाईमामा छापील नोटीस नेऊन देताहेत.

अध्यक्षांची इनबॉक्समध्ये आली. विषयात चौकोन नाहीत.

नेवार्कचा_नाना | बुधवार, रात्री १०:४०

शाब्बास. ते ६११ पत्ते यादीतून आजच काढा. चुकीच्या स्पेलिंगची डोमेनं काही जण मुद्दाम घेऊन ठेवतात, तिथं पुन्हा पुन्हा पत्र गेलेलं चांगलं दिसत नाही. आणि डीमार्कचे अहवाल यायला लागले असतील ते उघडून बघा. नुसते साठवून ठेवू नका.

तानपुरा_मिरज | बुधवार, रात्री ११:२५

उघडले. एक्सएमएल वाचता वाचता डोळे फिरले, पण एक समजेना. आमच्या डोमेनच्या नावानं तीन वेगवेगळ्या आयपींवरून मेल जाताहेत. एक आमचा. एक ऑफिसच्या लाइनचा, तो स्कॅनर असणार. तिसरा कुठला? रोज सकाळी सहा वाजता, पंधरा-वीस मेल, सही नाही, एसपीएफ नापास.

जुना_पोस्टमास्तर | बुधवार, रात्री ११:४०

ठेवीच्या मुदतीची आठवण सभासदांना कोण पाठवतं?

तानपुरा_मिरज | बुधवार, रात्री ११:५२

जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी २०१६ मध्ये काहीतरी लावून दिलं होतं. ते अजून चालू आहे? सकाळी फोन करतो त्यांना.